गोणपाट लावलेली खिडकी

पुणतांबा, मळ्यातली वस्ती
२१ ऑगस्ट २०२५

आक्का,

पाया पडतो. तुझी सून पंकजा म्हणाली, तुझ्या कानातलं मशीन घातलं की शिट्टी वाजते आणि काढलं की तुला ढिम्म ऐकू येत नाही. म्हणजे फोनवर मी बोंबलायचं, तू ‘आं?’ करायचं आणि सगळ्या खर्डा गावानं ऐकायचं. त्यापेक्षा पत्र बरं. शाळेत निबंधाला भोपळा आणणारा तुझा भाऊ पत्र लिहायला बसलाय, म्हणून तुझी भावजय स्नेहल मघापासून हसतेय. हसू दे. लई दिवसांनी हसतेय ती.

कारण सांगतो. नदीकडच्या उसात बिबट्या आलाय. शेजारच्या आबासाहेबांचं कुत्रं साखळीसकट नेलं. साखळी सापडली, कुत्रं नाही. मग आपली शेळी गेली. ती गेली दिवेलागणीला आणि तेव्हा आमची सृष्टी दारातच उभी होती. सात वर्षांच्या पोरीनं ते डोळ्यांनी बघितलं, आक्का. तेव्हापासून अंधार पडला की ती उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाही. संडास अंगणाच्या पलीकडं. पोरगी पोट आवळून सकाळपर्यंत बसते. परवा त्यानंच तापली.

मळ्यातल्या लाईटीचं तुला ठाऊकच आहे. नेमकी पाहिजे तेव्हा गुल. म्हणून ठरवलं, अंगणात रातभर आपला स्वतःचा उजेड ठेवायचा. जुन्या सोलर पंपाची दोन पॅनल पत्र्यावर चढवली आणि बेलापूरच्या भंगारवाल्याकडून बॅटऱ्या आणल्या. काय एकेक नग, दाजी बघतील तर डोक्याला हात लावतील! ट्रॅक्टरच्या बारा व्होल्टच्या, टॉवरवरून निघालेल्या दोन-दोन व्होल्टच्या उंच, एका पतपेढीच्या इन्व्हर्टरची पोट फुगलेली, आणि एक सहाची, ती कशाची हे भंगारवाल्यालाही सांगता येईना. कुणाचं कुणाशी जमत नाही. लग्नात एका खोलीत कोंबलेल्या पाहुण्यांसारखी गत. पण मी जोडून-जोडून सगळ्यांना चोवीस व्होल्टवर आणलंय. चार्जिंगचं डबडंही मीच जुळवलं.

ठेवल्यात घरातच, दिवाणाखाली. वर सृष्टी झोपते. बाहेर शेडात ठेवल्या तर चोर नेतील, आणि अंधारात त्यांच्याकडं बघायला बाहेर कोण जाणार? मी तर नाही जात. तुला म्हणून सांगतो, मलाही भीती वाटते.

दाजींना विचारून कळव. दुकान बंद केलं म्हणून बॅटरीचं ज्ञान काही बंद झालं नसेल.

तुझा,
ज्ञानू


खर्डा
२९ ऑगस्ट

ज्ञाना,

पत्र मिळालं. अक्षर तसंच हाय, कोंबडीनं उकरल्यावानी. पर वाचलं, दोनदा वाचलं. पोरीचं तर पुन्ना काढून वाचलं रं. मला रात्री तसंबी काई ऐकू येत न्हाई, पर कालपासून उगंच वाटतंय कुनीतरी दार खरवडतंय.

तुझ्या दाजींनी पत्र वाचलं आनि कपाळावर हात मारलाच. म्हनले, येगयेगळ्या ताकदीच्या बॅटऱ्या एका दावनीला बांधू नयेत. धडधाकट असती ती भरायला येळ लावती, आनि मेलेली असती ती उकळायला लागती. त्यांचं म्हननं, घरात ठिवूच नको, पडवीत ठिव, वारं लागलं पाहिजे.

मी म्हनलं, तुमाला काय जातंय सांगायला! तिथं जनावर दारात आलंय. पडवीत बघायला जाईल आनि नरडं धरलं म्हंजे? तवा ज्ञाना, तूर्त राहू दे घरातच. बिबट्या गेला की हलव. मी सांगते म्हनून राहू दे.

पोरीला एकटी सोडू नको. स्नेहलला म्हनावं, अंगारा लावत जा.

आक्का


पुणतांबा
१४ सप्टेंबर

आक्का,

उजेड पडला! अंगणात चार दिवे, गोठ्यापाशी एक. संध्याकाळी सगळीकडं मिट्ट अंधार आणि आपलं अंगण लखलखीत. आबासाहेब बघायला आले, म्हणाले, ‘ज्ञानेश्वर, तू तर वीजमंडळच काढलंस.’ पहिल्या दिवशी सृष्टी माझं बोट धरून संडासापर्यंत गेली. चौथ्या दिवशी एकटी गेली, मी दारात उभा. परत आली ती पळत, पण हसत. आक्का, मला रडू आलं. लोकांसमोर आलं, काय करू.

आता दुसरं सांगतो. ते स्नेहलला मी अर्धंच सांगितलंय.

आठएक दिवस झाले, वास येतोय. नासक्या अंड्याचा म्हण, मेलेल्याचा म्हण. पहिल्यांदा वाटलं पाल मेली. सगळं घर धुंडाळलं, काही नाही. वास दुपारी जास्त येतो, ऊन तापलं की. मग लक्षात आलं. दिवसा तो उसात पडून राहत असणार, शिकार शेजारी टाकून. ऊन लागलं की सडतंय. म्हणजे किती जवळ असेल बघ! ऊस घरापासून जेमतेम गोठ्याएवढा लांब. वनखात्यानं पिंजरा लावलाय, पण आतली शेळी नुसती खाऊन-पिऊन जाड झालीय.

मी खिडक्या आतून बंद केल्या. वर गोणपाट ठोकलं. त्याच्यावर शेततळ्याचा उरलेला प्लास्टिकचा कागद. भिंत आणि पत्र्याच्या मधल्या फटीत चिंध्या कोंबल्या. तरी वास कमी होत नाही, वाढतोच आहे. जसा वाढतो तशी मी आणखी एक फट बुजवतो. माझी झोप गेली आहे. सृष्टीला खोकला झालाय, डोळे चुरचुरतात म्हणते. गावातले डॉक्टर म्हणाले साथ आहे.

बॅटऱ्या झकास चालल्यात. दुपारी तर त्यातनं बुडबुड आवाज येतो, पाणी उकळल्यासारखा. भरपेट चार्ज होत असणार.

दाजींना नमस्कार.

ज्ञानू


खर्डा
१९ सप्टेंबर

ज्ञाना,

तुझ्या दाजींना नातीसंगं जामखेडला दवाखान्यात जावं लागलं, तीन दिस झाले. पत्र मी एकटीनंच वाचलं. वास यायला लागला म्हंजे जनावर घरालाच लागून बसलंय. खिडक्या बंद केल्या ते लई ब्येस केलंस. दिवसाबी उघडू नका. पोरीला घिऊन खर्ड्याला या म्हनलं असतं, पर सोमवारी घट बसायचे. आपल्या घरचे घट तुझ्याकडं. ते सोडून कसं येनार?

आता पुढचं स्नेहलला वाचून दाखव.

स्नेहल, पोरी, घट मोठ्या खोलीतच मांड, दिवानाशेजारच्या कोपऱ्यात, आई मांडायची तितंच. नंदादीप दसऱ्यापातूर इझू द्यायचा न्हाई. तेल कमी पडू द्यायचं न्हाई, वारं लागू द्यायचं न्हाई. खिडक्या बंद हायती त्ये बरंच झालं. एकदा बसवलेला घट जागचा हलवायचा न्हाई, कायबी झालं तरी. आईच्या एवढ्या वर्सांत एकदाबी दिवा इझला न्हाई. आता घराला देवीच्या राखनीची गरज हाय.

आक्का


पुणतांबा
२५ सप्टेंबर

ती. आक्का यांना,
स्नेहलचा नमस्कार.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहितेय. हे हल्ली काठी घेऊन दारामागं बसलेले असतात. जेवायला बोलावलं तर म्हणतात, हळू बोल.

आक्का, तुम्ही सांगितलं तसेच घट बसवले. दिवा नीट तेवतोय, डोळ्यांत तेल घालून जपतेय. पण मला भीती वाटतेय आणि ती बिबट्याची नाही.

दुसऱ्या माळेला देवीचा चांदीचा टाक पुसायला घेतला, तर काळा. आदल्या दिवशीच मी तो चिंचेनं घासून लख्ख केला होता, सृष्टी साक्षीला आहे. परत घासला, दुसऱ्या दिवशी परत काळा. मग पायांकडं लक्ष गेलं. माझी जोडवी काळी पडलीत, कोळशासारखी. सृष्टीचे वाळे पण. ह्यांना दाखवलं तर म्हणाले, घामानं पडतात. आक्का, टाकाला घाम येतो का?

आणखी एक. ह्यांना वाटतं वास उसातून येतो. काल मी हिंमत करून भरदुपारी अंगणात गेले, पार उसाच्या बांधापर्यंत. तिथं वासच नाही! घरात शिरले, तर नाकाला झोंबला. म्हणजे जे काही आहे ते बाहेर नाही, घरात आहे. कोनाकोपऱ्यात बघितलं, माळ्यावर काठी फिरवली, काही नाही. मग ते काय आहे?

माझ्या हातून मांडताना काही चुकलं का? देवी रागावली असेल तर काय करायचं ते सांगा. मी रोज एक दिवा जास्त लावतेय. अष्टमीला सगळ्या वस्तीची आरती आपल्याकडं ठेवलीय, पाच वातींची, टाकापासून वर फोटोपर्यंत ओवाळायची. तोवर तुमचं उत्तर आलं तर बरं.

सृष्टी रात्री खोकून खोकून ओकते. ती म्हणते, आई, घरातच कुणीतरी आहे.

तुमची,
स्नेहल


खर्डा
सोमवार, पहाट

स्नेहल,

हे पत्र माझ्या अजिनाथच्या हातानं धाडतेय. पहिल्या यष्टीनं त्याला बसवते. तुझं पत्र शनवारी येऊन पडलं हुतं, पंकजानं काल सांजच्याला हातात दिलं, ‘जोडवी’ वाचलं आनि मी माझ्या पायाकडं बघितलं.

पोरी, देवी रागावली न्हाई. बिबट्याबी न्हाई त्यो. दुकानामागच्या खोलीत मी आर्धा जलम काढला. मधल्या भिंतीपलीकडं ह्यांच्या बॅटऱ्या चार्जिंगला. माझी जोडवी सदा काळी. सासूबाई म्हनायच्या, हिचे पायच काळे, हिनं जोडवी काळी केली. रोज चिंचेनं घासायची मी. दुकान हलवलं त्या महिन्यात जोडवी पांढरी राह्यली. त्यो वास माझ्या नाकात बसलेला, आनि ज्ञानानं ‘नासकं अंडं’ लिवलं तवा मला कळू नये? बिबट्याच्या भ्यानं माजं नाकच मेलं हुतं. तुझे दाजी रातीच जामखेडवरनं आले, त्यांना दोनी पत्रं दावली. वाचताच ते उठले आनि म्हनले, पंकजाला हाक मार, फोन लाव.

त्या मेलेल्या बॅटऱ्या उकळत्यात. त्यातनं वास सुटतो, आनि वासासंगं एक वायू सुटतो, त्याला वासबी न्हाई आनि रंगबी न्हाई, पर दिवा लागला की भडकतो. त्यो वर चढतो, पत्र्याखाली साठतो. ज्ञानानं एकेक फट बुजवून त्याला कोंडलाय. दिवा खाली जमिनीवर हाय म्हनून आजवर वाचलात. आरतीचं ताट वर नेलं तर काय हुईल, त्ये मला लिवायचं न्हाई.

पंकजाला रातीच फोन लावायला लावला. ज्ञाना म्हनला, ‘व्हय व्हय, बघतो, आक्काला म्हनावं झोप,’ आनि ठिवला. त्याचं ‘व्हय व्हय’ मी लहानपनापासून ऐकत आले. म्हनून हे तुझ्या नावानं.

आता जे सांगते त्ये मला सांगवत न्हाई, पर सांगते. नंदादीप शांत कर. वर उचलू नको, जागच्या जागी वाटी पालथी घाल. घट बाहेर काढ. एकदा बसवलेला घट हलवत न्हाईत, मीच तुला सांगितलं. आता मीच सांगते, हलव. आईनं कदी हलवला नसंल. आईच्या दिवानाखाली बॅटऱ्या नव्हत्या. देवीला म्हनावं, माझ्या नंदेनं, कडूबाईनं सांगितलं, काय कोपायचं त्ये खर्ड्याला जाऊन तिच्यावर कोप. पाप माझं. पोरीला आधी बाहेर काढ, दार-खिडक्या सताड उघड. बिबट्याची भीती वाटंल. वाटू दे. उघड.

(मागं बघ)

दाजी सांगतात त्ये लिवते. बॅटरीच्या कुठल्याबी तारंला हात लावायचा न्हाई. बटन दाबायचं न्हाई, चालू असंल तर चालू राहू दे, बंद असंल तर बंद. तार काढताना ठिनगी पडती. दोन तास वारं खेळू द्यायचं, मगच तार. ज्ञानाला ह्ये आधी सांग, सगळ्यात आधी. अजिनाथला बॅटरीतलं काई कळत न्हाई, त्याच्यावर इसंबू नको.

आनि बॅटरीतलं अॅसिड तोंडावर, डोळ्यात उडालं तर पानी. चोळायचं न्हाई. पानी, पानी, नुसतं पानी.

आक्का


दवाखान्यातून, श्रीरामपूर
६ ऑक्टोबर

ती. आक्का,

अजिनाथनं फोनवर पंकजाला सांगितलं असेल. पण तो सगळं सांगणार नाही, म्हणून मी लिहिते.

सोमवारी यष्टी मध्येच बंद पडली. तो वस्तीवर आला तेव्हा दिवेलागण झाली होती. मी दारातच पत्र उघडलं. हे मागून म्हणाले, ‘आलं का आक्काचं फर्मान!’ मी उभ्याउभ्याच वाचत गेले. पहिलं पान संपलं तिथंच पत्र कमरेला खोचलं आणि आत पळाले. सृष्टीला अजिनाथच्या हाती दिली. नंदादीपावर वाटी पालथी घातली. आक्का, वाटी घालताना माझा हात अडला. दोनदा अडला. मग घातली. घट उचलला, अंगणात आणून ठेवला. परत जाऊन गोणपाट ओढून काढलं, कागद फाडला, खिडकी उघडली.

हे ओरडले, ‘वेडी झालीस का, अंधार पडला, तो येईल!’ मी पण ओरडले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. म्हटलं, आक्का म्हणतायत ते ऐका, त्या बॅटऱ्यांचाच वास आहे, त्याच पोरीला मारतायत. बाहेर सृष्टी खोकत होती, ते त्यांनी ऐकलं. माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, ‘बरं बाई. आक्काचं खरं. काढून टाकतो सगळं.’ मला इतकं बरं वाटलं! मी अंगणात सृष्टीला घ्यायला गेले, उसाकडं पाठ करून उभी राहिले आणि म्हटलं, देवी पावली.

हे आत वाकले. पहिली तार ओढली.

आवाज काय झाला ते सांगता येत नाही. घरावरचा पत्रा वर उचलला गेला आणि परत बसला. अंगणातले दिवे एकदम गेले. मिट्ट काळोखात हे ओरडत होते. अजिनाथनं ओढत आणलं, तर बॅटरीतलं अॅसिड सगळं तोंडावर उडालेलं. मला काही सुचेना, मग अजिनाथच म्हणाला, ‘मामी, निघताना आमचे आप्पा म्हणाले होते, पाणी.’ मोटारीच्या टाकीतलं सगळं पाणी ओतलं, बादलीमागून बादली. डॉक्टर म्हणतात, उजवा डोळा पाण्यानंच वाचला. डाव्याची आशा नाही. तोंडाची कातडी भरून येईल.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात कमरेचं पत्र सापडलं. भिजलेलं, पण वाचता येत होतं. तेव्हा मी मागचं पान वाचलं.

आक्का, ‘मागं बघ’ हे शब्द मी बघितले होते. मला वाटलं, मागं तुम्ही पंकजाची खुशाली लिहिली असेल. ह्यांना मी ते पान वाचून दाखवलेलं नाही. हे म्हणतात, बरं झालं आक्काचं ऐकलं, नाहीतर आरतीला सगळी वस्ती गेली असती. मी काय बोलू? तुम्हीच सांगा, दाखवू का?

आणखी एक गोष्ट आहे. आबासाहेब मंगळवारी घर बघायला गेले होते. अंगणात जिथं मी सृष्टीला कडेवर घेऊन उभी होते, तिथं माझ्या चपलांच्या खुणांमागं बिबट्याचे ठसे होते. ताजे. ते म्हणाले, आवाजानं पळाला असणार.

म्हणजे तोही होता, आक्का. ह्यांचं सगळंच काही खोटं नव्हतं.

परवा घरी सोडतील. घरात आता दिवा नाही. वास नाही. खिडकीला नुसती चौकट राहिलीय, आणि काल कपडे न्यायला घरी गेलो तेव्हा तिच्याकडं बघत सृष्टीनं मला विचारलं, आई, आपण खिडकी लावायची का उघडी ठेवायची? तिला काय सांगू ते कळवा.

तुमची,
स्नेहल


खर्डा
९ ऑक्टोबर

स्नेहल,

मागचं पान फाडून टाक. माजी चूक. पुढच्या पानावर मी देवीला, आईला, सासूबाईंना घेऊन बसले आनि जे आधी लिवायचं त्ये मागं लिवलं. ज्ञानाला कदीच दावू नको. त्यो म्हनतो ना आक्काचं ऐकलं म्हनून वाचलो, तर तसंच म्हनू दे. मला त्ये ऐकायला येनार न्हाई, एवढं बरं हाय.

तुझे दाजी परवाच्या यष्टीनं येत्यात. राहिलेल्या बॅटऱ्या भरउन्हात, दार उघडं ठिवून, एकेक करून तेच बाहेर काढतील. ज्ञानानं हात लावायचा न्हाई. मग त्यातल्या सारख्या ताकदीच्या निवडून शेडात मांडतील, म्हंजे अंगनात पुन्ना उजेड हुईल. तवर मीबी त्यांच्यासंगं येतेय तिथं राहायला.

सृष्टीला सांग, खिडकी उघडी ठिवायची. तिच्याखाली आत्याचं अंथरून टाकायचं. मला ऐकू येत न्हाई, पर नाक अजून हाय, आनि ह्या वक्ताला ते मेलेलं न्हाई. कुनी आलं तर आधी माज्या अंगावरनं यावं लागंल.

काठी मात्र ज्ञानाची मोठी, तीच माझ्या उशाला ठिव.

आक्का